भाव पडलेली गाडी

फक्रुद्दीन मिस्त्रीनं एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात दुसऱ्यांना हजारभर गाड्या घेऊन दिल्या, स्वतःसाठी मात्र एकही चारचाकी घेतली नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्याचं डिझेल इंजिनांचं गॅरेज होतं. तरुणपणी चालत्या इंजिनावर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवून तो मूठ कानाला लावायचा आणि डिझेल फवारणारा कुठला नोझल मेलाय ते डोळे मिटून सांगायचा. पुढं कंबर वाकेना, गाडीखाली सरपटणं जमेना, तसं त्यानं गॅरेजची पुढची बाजू भाड्यानं दिली आणि एकच काम धरलं. जुन्या गाड्या बघायचं.

सांगली, इचलकरंजी, निपाणी, गडहिंग्लज, कुठंही कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की फोन यायचा, "मिस्त्री, तेवढी नजर टाका की." मिस्त्री स्कूटरवर जायचा, गाडीभोवती दोन फेऱ्या मारायचा, दारं उघडून आपटायचा, एक चक्कर मारून यायचा. दीड हजार रुपये घ्यायचा आणि एक आकडा सांगायचा. विकणारा चरफडायचा, घेणारा मान हलवायचा, आणि शेवटी व्यवहार त्याच आकड्याच्या आसपास ठरायचा. गाडी शोरूमच्या दारातनं बाहेर पडल्यापासनं तिचा भाव कसा पडत जातो, पहिल्या वर्षी किती, तिसऱ्या वर्षी किती, मालक डॉक्टर असला तर किती आणि निवडणूक लढवणारा असला तर किती, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं.

गेल्या श्रावणात हातकणंगल्याजवळ चिखलात त्याची स्कूटर घसरली आणि उजवा खांदा निखळला. दीड महिना हात गळ्यात बांधून तो घरात बसला. बायको इमामबीनं स्कूटरची चावी उचलून तांदळाच्या डब्यात खुपसली.

"आता ही चावी मिळायची न्हाय," ती म्हणाली. "काम करायचं असंल तर चार चाकं घ्या. न्हायतर घरात बसा, लसूण सोला."

फक्रुद्दीननं आठ दिवस लसूण सोलला. नवव्या दिवशी तो म्हणाला, "गाडी घेतो. पन बॅटरीची."

इमामबीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

ह्या बोलण्याच्या मागं एक जुनी ठसठस होती. तीन वर्षांमागं सांगलीत एकानं त्याला इलेक्ट्रिक गाडी बघायला बोलावलं होतं. मिस्त्रीनं सवयीनं बॉनेट उघडलं, स्क्रू-ड्रायव्हर काढला, आणि तो टेकवायला जागाच सापडेना. इंजिन नाही, नोझल नाही, आवाज नाही. चाळीस वर्षांचा कान तिथं कुचकामी ठरला. "मला ह्यातलं कळत न्हाय," असं सरळ सांगून, पैसे न घेता तो परत आला. घरी येऊन जेवलाही नाही. पण दुसऱ्या दिवसापासनं तो शिकायला लागला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ओळखीच्या पोरांपाशी जाऊन तासन्‌तास उभा राहायचा. मोबाईलला जोडायचा छोटा स्कॅनर त्यानं मागवला. बॅटरीतले सेल एकसारखे वागतात की एखादा मरतुकडा आहे, ते पडद्यावर बघायला शिकला. लोक म्हणाले, ह्या वयात कशाला? तो म्हणाला, ह्या वयात म्हणूनच. पुढं वेळ कुठंय?

मुलगा रिजवान पुण्याकडं चाकणला एका कारखान्याच्या खरेदी विभागात होता. बापाचा बेत कळल्यावर त्यानं फोन केला. आवाजात काळजी होती आणि थोडी साहेबीही.

"अब्बा, मी सगळा हिशोब मांडून बघितला. ह्या गाड्यांचा घसारा लई हाय. तीन वर्षांत निम्मी किंमत जाते. तुम्ही लोकांना आयुष्यभर रिसेल शिकवला आणि स्वतः हे काय घेताय?"

"निम्मी किंमत जाते, खरं हाय," फक्रुद्दीन म्हणाला. "कुनाच्या खिशातनं जाते?"

"घेणाऱ्याच्या."

"नवी घेणाऱ्याच्या. मी कुठं नवी घेतोय? सोळा लाखाची गाडी तीन वर्षं वापरून मानूस आठाला देतो. त्यो आठ लाखाचा खड्डा त्येनं भरला. मी भरलेल्या खड्ड्यावरनं चालनार."

"आणि बॅटरी गेली तर? नवी बॅटरी म्हणजे अर्धी गाडी."

"आठ वर्षांची हमी असती. तीन गेली, पाच राहिली. आता माझा हिशोब ऐक. मी महिन्याला दोन हजार किलोमीटर फिरतो. डिझेलला किलोमीटरमागं सहा रुपये. म्हंजे बारा हजार. घरच्या विजेवर दीड रुपया. म्हंजे तीन हजार. महिन्याला नऊ हजार वाचलं. पाच वर्षांत पाच लाख चाळीस हजार."

"पण पाच वर्षांनी तुमची गाडी कोण घेणार?"

"कोन न्हाय! भंगारात धर. शून्य धर. आठाची डिझेल गाडी पाच वर्षांनी साडेतीनला गेली अस्ती, ती साडेतीन माझी बुडाली म्हन. तरी मी एक लाख नव्वद हजारानं वर हाय. टायर लवकर झिजत्यात, विमा जरा चढा हाय, त्यात पन्नास हजार घाल. तिकडं ऑइल, फिल्टर, क्लच न्हाय, त्ये फिटंफाट. वाईटात वाईट धरून सांगतोय, रिजवान. माझ्या गाडीचा भाव शून्य झाला तरी चालंल, हे आधीच ठरवून मी घेतोय. ज्येला भाव पडायची भीती न्हाय, त्येला कोन भीती घालनार?"

रिजवाननं कागद पुढं ओढला. मग म्हणाला, "शीट पाठवून ठेवतो तरी."

"पाठव. तुझी अम्मी बघंल."

आता खरी लढाई होती ती बाहेर. हंबीरराव मोहित्यांचा जुन्या गाड्यांचा मोठा बाजार हायवेला, शिरोली नाक्याजवळ. तीस वर्षांची दोस्ती. मिस्त्रीची निम्मी गिऱ्हाइकं त्याच आवारातनं यायची. इमामबीच्या ऑपरेशनला रक्त कमी पडलं तेव्हा हंबीररावानं स्वतःचं एक बाटली दिलं होतं आणि आणखी एक देणारा माणूस गाडीत घालून आणला होता. दोघं एकमेकांना अरेतुरे करायचे. गिऱ्हाइकापुढं मात्र "हंबीरराव" आणि "मिस्त्री".

बेत ऐकून हंबीरराव चहा सांडेपर्यंत हसला. आवारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आरं, आयुष्यभर डिझेलच्या वासावर प्वाट भरलंस आनि म्हातारपनी मोबाईलवर बसून फिरनार व्हय? रातभर चार्जिंगला लावायचा, सकाळी उठून टक्के बघायचं!"

"बघीन की. टाकीचा काटा बघतच हुतो न्हवं?"

"रिसेल किती मिळंल तुला? बोल, किती?"

"मी विकायला घेत न्हाय, हंबीर. फिरायला घेतोय."

मंडळी हसली. पण हंबीरराव धंद्याचा माणूस. पंधरा दिवसांनी त्याचाच फोन आला. "ये. तुझी गाडी आलीया."

पांढरीशुभ्र गाडी होती. तीन वर्षांची, अडतीस हजार किलोमीटर झालेली. नवी सोळाची. "बाजारात आठ. तुला सात," हंबीरराव म्हणाला.

सात ऐकल्यावर दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. फक्रुद्दीनच्या कपाळाला आठी पडली. त्यानं दार उघडलं आणि आत डोकं घातलं. नव्या कार्पेटचा वास आला. तीन वर्षांच्या गाडीला नवं कार्पेट कशाला? त्यानं सीटखाली हात घातला. सीटचे बोल्ट बोटांना खरखरीत लागले. हात बाहेर काढला तर बोटांवर तांबूस गंज. मग त्यानं ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरला आणि ओढत गेला, ओढत गेला, पार शेवटपर्यंत, जिथवर कुणी कधी ओढत नाही तिथवर. पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावर वाळलेल्या गाळाचा करडा डाग होता. धुणाऱ्याचा हात तिथं पोचला नव्हता.

त्यानं आरसीवरचा पत्ता बघितला. शिरोळ तालुक्यातलं, कृष्णेच्या काठचं गाव.

"पुरात हुती," तो म्हणाला.

"जरा पानी लागलतं. चाकापातूर."

"हंबीर, सीटबेल्ट खोटं बोलत न्हाय. सीट बुडाली हुती. ह्या गाडीची बॅटरी कुठं असती ठाव हाय न्हवं? पायाखाली. ती पान्यात किती दिवस हुती, कोन सांगनार? आज चालंल. पुढच्या उन्हाळ्यात रस्त्यात बसंल. कंपनीकडं गेलास तर हमी बी गेली. पान्यात बुडालेली म्हनून हात झटकतील."

हंबीररावानं इकडं-तिकडं बघितलं आणि आवाज उतरवला. "बरं, तू घेऊ नगंस. पन बाहेर बोलू बी नगंस. बुधवारी एक मास्तरीण येनार हाय. तिनं तुलाच बोलवायला सांगितलंय. नुसती मान हलव. दीड हजार न्हाय, पंधरा हजार घे."

फक्रुद्दीन रिक्षात बसला. घरी आल्यावर त्यानं इमामबीला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "त्याचं रक्त हाय माझ्या अंगात. त्ये इसरू नका."

"इसरलो न्हाय."

"मग त्याला एकट्याला गाठून सांगा, गाडी काढून टाक म्हनावं."

त्यानं मंगळवारी फोन केला. "गाडी माघारी पाठव, हंबीर. त्या बाईला दाखवूच नगंस. मी बी कुठं बोलत न्हाय." हंबीरराव म्हणाला, "साडेसहा घातल्यात मी त्यात. तू तुझं काम कर." आणि फोन ठेवला.

बुधवारी अनुजा मॅडम आल्या. इचलकरंजीच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या, चाळिशीच्या, रोज कोल्हापूरहून जाऊन-येऊन साठ किलोमीटर करणाऱ्या. गाडीभोवती फिरून त्या खुश झाल्या होत्या. हंबीररावानं त्यांना खुर्ची दिली, सरबत दिलं. "आमच्या मिस्त्रींनी पास केली म्हंजे आर्‌टीओनं पास केली," असंही म्हणाला आणि फक्रुद्दीनकडं बघितलं. त्या नजरेत तीस वर्षं होती.

फक्रुद्दीन गाडीपाशी गेला. दार उघडलं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला आणि त्याचं ते टोक अनुजा मॅडमच्या हातात दिलं.

"मॅडम, ह्यो गाळ हाय. ही गाडी पुरात बुडालेली हाय. घेऊ नका."

गाडी धुणारा पोरगा हात थांबवून बघायला लागला. धुवायच्या पाइपमधनं पाणी तेवढं वाहत होतं. मॅडमनी बोटानं तो डाग खरवडला, बोटाकडं बघितलं, मग हंबीररावाकडं. त्यांनी पर्स उचलली आणि त्या चालू लागल्या.

हंबीरराव लालबुंद झाला. "मिस्त्री," तो म्हणाला, आणि आसपास गिऱ्हाईक उरलं नसतानाही त्यानं 'मिस्त्री'च म्हटलं, "आजपासनं ह्या आवारात पाय ठेवायचा न्हाय. तीस वर्षं पोसलं तुमाला."

"पोसलं न्हाय, हंबीरराव. काम केलं, पैसं घेतलं."

मागनं आवारातला एक दलाल ओरडला, "बघा बघा! मिस्त्रीच म्हनतोय, इलेक्ट्रिक गाडी कामाची न्हाय!"

दारापर्यंत गेलेला फक्रुद्दीन माघारी वळला. खांदा अजून दुखत होता, तरी त्यानं तो हात वर केला.

"गाडी वाईट न्हाय. डाग दडवनारा वाईट. पुरात बुडालेली डिझेल अस्ती तरी मी ह्येच केलं अस्तं. आनि ऐका, मी बॅटरीचीच घेनार. तुमच्या ह्या दारावरनं रोज घेऊन जानार."

बोलून तर बसला. पण गाडी कुठं होती?

तिची गाठ घालून दिली अनुजा मॅडमनी. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. त्यांच्या शेजारी, ताराबाई पार्कात, वीज मंडळातनं निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. सगळे त्यांना आण्णाच म्हणत. ते लेकीकडं बेंगळुरूला कायमचे निघाले होते आणि त्यांची गाडी विकायची होती. "मला घ्यायची होती, पण माझ्या बजेटात बसत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही बघा तरी."

करड्या रंगाची गाडी. तीन वर्षांची, पण एकोणीस हजारच झालेली. आण्णांनी ती कधी ऐंशी टक्क्यांच्या वर चार्ज केली नव्हती आणि वीसच्या खाली उतरू दिली नव्हती. कव्हर घालून ठेवायचे. सीटबेल्ट ओढला तर शेवटपर्यंत काळाकुळकुळीत. स्कॅनर लावला तर सगळे सेल एका रांगेत, शाळेतल्या प्रार्थनेला उभे राहिल्यागत. बॅटरीची तब्येत त्र्याण्णव टक्के.

"तरी मला घाटात बघायचीया," मिस्त्री म्हणाला.

"कुठल्या घाटात?"

"जोतिबाला जाऊन येऊ."

त्यानं गॅरेजातनं दोन जुनी सिलिंडर हेडं आणून डिकीत टाकली, वजन व्हावं म्हणून. पुढं आण्णा, मागं इमामबी. निघताना पडद्यावर ऐंशी टक्के. केर्ली सोडल्यावर चढ लागला. फक्रुद्दीननं पाय दाबला. गाडीनं कुरकुर केली नाही, धूर काढला नाही, खालचा गिअर मागितला नाही. पुढं गुळाच्या ढेपांनी भरलेला टेम्पो घरघरत चढत होता. त्याला त्यांनी वळणाआधीच मागं टाकलं. आण्णांनी दाराच्या वरची मूठ धरली. वर पोचल्यावर पासष्ट टक्के होते. इमामबीनं दुकानदारिणीकडनं चिरमुरे घेतले. ती बाई म्हणाली, "पावनं, गाडी आली कवा ते कळालंच न्हाय की!" फक्रुद्दीनला ते फार आवडलं.

उतरताना त्यानं ब्रेकला पायच लावला नाही. गाडी स्वतःच स्वतःला धरत होती आणि धरताना बॅटरी भरत होती. पायथ्याला आकडा सदुसष्ट झाला.

"बघितलंस?" तो आरशातनं इमामबीला म्हणाला. "चाळीस वर्षं इंजिनं उघडली, पन उतारावर डिझेल माघारी देनारं एक बी बघितलं न्हाय."

आण्णांनी नऊ सांगितले. मिस्त्रीनं त्यांच्या घरी चहा पिता पिता, वडिलधाऱ्याला सांगावं तसं सांगितलं, "आण्णा, गाडी तुमी पोरीगत सांभाळलीया. पन तुमी घेतल्यावर नवी मॉडेलं आली, जास्त पल्ल्याची आली, नव्याच्याच किमती उतरल्या. त्यात तुमचा दोष न्हाय. सोळा दिलं, त्यातलं सव्वाआठ तुमी तीन वर्षं बिनघोर फिरलासा त्याचं. उरलं पावनेआठ. ह्याच्या वर कोन दिला तर त्याला द्या, मी रागवायचो न्हाय."

आण्णांनी चार दिवस वाट बघितली. मग फोन केला, "या, घेऊन जा."

पैशाचं म्हणाल तर मिस्त्रीपाशी पाच होते. बाकीच्यासाठी त्यानं गॅरेजच्या मागच्या खोलीतलं लेथ आणि नोझल तपासायचं मशीन विकलं. ते मशीन त्यानं लग्नाच्या वर्षी घेतलेलं. टेम्पोत चढवताना इमामबी पदराला डोळे पुसायला लागली. तो म्हणाला, "रडतीस काय? त्याचा भाव तर माझ्या गाडीपेक्षा जास्त पडलाय." आणि टेम्पो वळणाआड जाईपर्यंत तिथंच उभा राहिला.

पुढचे तीन महिने वाईट गेले. हंबीररावाकडनं येणारं काम बंद झालं. हायवेवरच्या बाकीच्या बाजारवाल्यांनीही मिस्त्रीचा नंबर देणं थांबवलं. डाग दाखवणारा माणूस कुणाला हवा असतो? उद्यमनगरातले जुने सोबती त्याला 'बॅटरीसाहेब' म्हणायला लागले. एकदा तर त्यांना आयतंच हसायला मिळालं. गडहिंग्लजहून परतताना चार्जिंगचं मशीन बंद निघालं आणि गाडीत नऊ टक्के उरले. फक्रुद्दीननं एका पिठाच्या गिरणीत विनंती केली. गिरणीवाला म्हणाला, "पावनं, लावा की. दळान काय, चार्जिंग काय, युनिट तेच." तीन तास तो ज्वारीच्या पोत्यांवर बसून राहिला. घरी आला तेव्हा भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. ही गोष्ट त्यानं लपवली नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर स्वतःच सांगितली, कोण काय बोलायच्या आत. आणि वर म्हणाला, "तीन तास बसलो. तुमी डिझेलच्या पंपावर वर्षात किती तास रांगेत बसताय, मोजा."

पण रोज सकाळी शिरोली नाक्यावरनं जायचं त्यानं सोडलं नाही. दुसरा रस्ता जवळचा असला तरी.

आणि अनुजा मॅडम गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांच्या कॉलेजात, कॉलेजच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर ती सीटबेल्टची गोष्ट फिरली. आधी इचलकरंजीहून फोन आले, मग कागलहून, मग बेळगावाकडनंही. बाजारवाल्यांनी नाही पाठवलं तर गिऱ्हाईकच मिस्त्रीला घेऊन बाजारात जायला लागलं. त्यातले काही मुद्दाम इलेक्ट्रिक गाडी दाखवायला बोलवायचे, कारण ती बघणारा दुसरा माणूसच जिल्ह्यात सापडत नव्हता. सगळ्यांना तो 'घ्या' म्हणायचा असं नाही. "दिवसाला किती फिरता?" हा त्याचा पहिला प्रश्न. कुणी पंधरा किलोमीटर म्हणालं की तो हात जोडायचा. "मग पेट्रोलची जुनी घ्या. तुमचा पैसा पाच वर्षांत वसूल व्हायचा न्हाय. मी घेतली म्हनून तुमी घेऊ नका."

असाच एकदा शाहूवाडीकडचा विश्वजित नावाचा एक जण आला. भाताची शेती आणि दहा म्हशी. त्याला गाडी घ्यायची होती, आणि त्यानं बघून ठेवलेली गाडी हंबीररावाच्या आवारात होती.

"मी आत येत न्हाय," फक्रुद्दीन म्हणाला. "मला बंदी हाय."

"मग कसं करायचं?"

"गाडी बाहेर काढा म्हनावं. रस्ता काय हंबीररावाचा न्हाय."

विश्वजित आत गेला. बराच वेळ लागला. फक्रुद्दीननं आपली करडी गाडी फाटकासमोर, सर्व्हिस रस्त्याच्या कडेला लावली आणि उन्हात उभा राहिला. शेवटी आवारातला एक ड्रायव्हर तोंड वाकडं करत एक तांबडी डिझेल गाडी बाहेर घेऊन आला. हंबीरराव कमरेवर हात ठेवून फाटकात उभा राहिला. दोघांच्या मधे दहा पावलांचं अंतर.

मिस्त्रीनं घाई केली नाही. बॉनेट उघडलं. स्क्रू-ड्रायव्हर इंजिनावर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. हायवेवरनं ट्रक धडधडत जात होते, तरी त्याला हवं ते ऐकू आलं. खाली वाकता येत नव्हतं म्हणून मोबाईलचा कॅमेरा गाडीखाली धरून चेसिस बघितली. एक चक्कर मारून आला. मग घाम पुसून, फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"गाडी चांगली हाय. इंजिन उघडलेलं न्हाय, अपघात न्हाय. सव्वापाच सांगितलंय ते बरोबर हाय. पाच हजारसुद्धा कमी करायला सांगू नका. घ्या."

विश्वजित गोंधळला. तो मिस्त्रीच्या गाडीकडं बोट करून म्हणाला, "पन तुमी तर ही वापरताय. मी बी बॅटरीचीच घेऊ का?"

"तुमच्याकडं वीज किती तास असती?"

"पावसाळ्यात दोन-दोन दिस न्हाय."

"आनि डेअरी किती लांब?"

"चार किलोमीटर."

"मग नगं. तुमाला हीच बरी."

विश्वजित पैसे द्यायला आत गेला. थोड्या वेळानं आवारातला माणूस चहाचा ग्लास घेऊन फाटकाबाहेर आला. "मालकांनी पाठवलाय."

फक्रुद्दीननं ग्लासाकडं बघितलं, मग फाटकाकडं. हंबीरराव दुसरीकडं बघत उभा होता.

"त्येला सांग," फक्रुद्दीन म्हणाला, "ज्येचं रक्त माझ्या घरात हाय, त्येचा चहा मी नोकराच्या हातनं घेत न्हाय. स्वतः घिऊन आला तर ह्या रस्त्यावर उभा राहून पिईन. आत मी येनार न्हाय."

माणूस ग्लास घेऊन परत गेला. हंबीररावानं ऐकलं असणार; दहाच पावलं होती. तो जागचा हलला नाही आणि आतही गेला नाही. फक्रुद्दीन पाच मिनिटं थांबला, घड्याळ बघून. मग बाहेर आलेल्या विश्वजितकडनं दीड हजार घेतले, गाडीत बसला. निपाणीला साडेबाराला पोचायचं होतं.